वापरात आहे

ऑक्टोबर. हियूमा बेटाच्या उत्तर टोकावर
पक्षी-केंद्राच्या खोलीत एक हीटर, मी,
आणि कालच नवी सिस्टीम चढवलेला संगणक.
तो सगळं ओळखतो : प्रिंटर, माझा चेहरा, उद्याचा वारा.
जुन्या फायली तेवढ्या ओळखत नाही.

विर्वे जाळ्यांची फेरी मारून येते, कपाळावर दिवा तसाच पेटता.
विचारते, गेलं का सगळं?
गेलं काहीच नाही, मी म्हणतो. अक्षर न अक्षर जागेवर आहे.
वाचणारा बदललाय.
हे तिला पटत नाही. मलाही रात्री दीड वाजता
फारसं पटत नाही.

आधी प्रत. मग प्रतीची प्रत.
मूळ फायलीला हात लावायचा नाही,
हे मी एकदा हात लावून शिकलोय.
मग बघायचं घोडं कुठं पेंड खातंय.

पहिलं निघालं सूचीत. पुस्तक शाबूत,
मागची पानं तेवढी भिजून चिकटलेली.
फेकली. नवी सूची बांधायला लावली.
यंत्र मोजत बसलं, एक लाख, सव्वा लाख,
एवढ्या पायांत एवढे वाळे,
आणि त्यातले परत सापडलेले
मुठीत मावतील इतके.

मग अक्षरं. डोक्यावर लाट असलेला आमचा ओ
जिथं तिथं चौकोन होऊन बसला होता.
निम्म्या गावांच्या नावांना भोक.
आठशे बावन्न लावून पाहिलं, वेगळीच भोकं पडली.
सातशे पंचाहत्तरला लाट परत आली
आणि विर्वेनं स्वतःच्या आजोळचं नाव
मोठ्यानं वाचलं, खात्री करून घेतल्यासारखं.

मग तारखा. कुणीतरी काटकसर करून
वर्षाचे दोनच आकडे ठेवलेले.
त्यामुळे चौतीस सालचा रॉबिन
दोन हजार चौतीसमध्ये जाळ्यात सापडलेला :
अजून अंडंही नाही, आणि पायात वाळा.
विर्वे हसली. मग म्हणाली, राहू दे की एखादा.
नाही, म्हटलं. पण मलाही तो दुरुस्त करताना
जरा जिवावर आलं.

शेवटची फाइल शेऱ्यांची. ती उघडेना.
खिडकी आली, अगदी नम्र :
फाइल वापरात आहे. वापरकर्ता : एंडला.

हीटरचा आवाज तेवढा.
एंडलाला जाऊन तिसरा हिवाळा लागेल.
जुन्या संगणकातून सगळं उचलून आणताना
तिचं कुलूपही आलं, सोळा बाइटचं,
आत फक्त तिचं नाव आणि एक वेळ, दुपारची.

शंभरदा सांगितलं होतं तिला, विर्वे म्हणते,
बाहेर पडून मग घरी जा.
नुसता पडदा बंद करून निघायची.
आवाज रागाचा होता. तो तसाच राहिला,
दिव्याचा पट्टा सोडवेपर्यंत.

कुलूप मी पुसलं नाही.
'जुने' नावाच्या फोल्डरात सरकवलं.
फाइल उघडली. छत्तीस हजार शेरे, सगळे तिचे :
चावतो.
चावतो.
शांत.
शेपूट नाही, तक्रारही नाही.
चावतो, अंगठा, तिसऱ्यांदा.
पाऊस. चष्मा हरवला.
चष्मा पिशवीत, पक्ष्याबरोबर.
चावतो.

पाच वाजता विर्वे पुन्हा जाळ्यांकडे गेली.
मी उरलेलं तपासत बसलो.
सात नोंदी अशा निघाल्या
ज्यांचं शतक काही केल्या ठरेना :
आकडे दोन, गाव नाही, कार्ड उंदरांनी खाल्लेलं.
त्या तशाच ठेवल्या.
शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, माहीत नाही,
खाली माझं नाव,
आणि फाइल नीट बंद करून
बाहेर पडलो.